मनाच्या संकटात पहिला सोबती कोण?

वस्तीत एखाद्याचे मन बिघडते तेव्हा सगळ्यात आधी डॉक्टर येत नाही, शेजारी येतात. कोणी म्हणते, ‘बाहेरचे आहे, उतारा टाका.’ कोणी म्हणते, ‘प्यायलाय, सकाळी उतरेल.’ कोणी दोरी शोधतो, कोणी मोबाईल काढून शूटिंग करतो. घरची माणसे आधीच घाबरलेली असतात, त्यात चार लोकांत अब्रू जाण्याची भीती. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांतून साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरला दाखवायचे म्हणजे दोघांची एक दिवसाची मजुरी बुडते. सरकारी मनोरुग्णालय तर येरवड्याला, नाहीतर रत्नागिरीला. म्हणून पहिल्या काही तासांत जे बरे-वाईट घडते, ते वस्तीच्याच हातून घडते.

त्या वेळी त्या घरात कोण शिरते, यावर पुढचे पुष्कळ ठरते. या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही एका खास माणसाबद्दल लिहीत आहोत. तो डॉक्टर नाही आणि भगत तर नाहीच. तो स्वतः कधीतरी अशाच संकटातून गेलेला आहे आणि आता दुसऱ्याच्या शेजारी बसायला तयार आहे. आरोग्य क्षेत्रात याला ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. आपण साधे ‘सोबती’ म्हणू. असे सोबती आपल्या वस्त्यांत आहेतच. त्यांना शिकवले, दवाखान्याशी जोडले आणि कामाचा मान व मोबदला दिला, तर माणसे वाचतात. मात्र हे काम कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, हे पक्के माहीत हवे.

दुखणे किती मोठे?

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढ माणसांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या काळात मनाचा काही ना काही आजार असल्याचे दिसले. आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदलेल्या आहेत. सगळ्यात जास्त, म्हणजे २२,७४६, आपल्या महाराष्ट्रातल्या. देशातल्या त्या मृतांपैकी दर चारांत एकाहून अधिक माणूस रोजंदारीवर पोट भरणारा होता.

हा आकडा आपल्या दारातला आहे. ऊसतोडीची उचल, फायनान्सचा आठवड्याचा हप्ता, पोराची सुटलेली शाळा, नवऱ्याची दारू, पुरात गेलेले घर, हे सगळे मनावर बसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. पाणी ओसरले, ढिगारे उपसले गेले, पंचनामे झाले. पण पाऊस जोरात लागला की रात्रभर जागणाऱ्या बाईचा पंचनामा कोणी करत नाही.

त्यात जातीचा अपमान वेगळा. कामाच्या ठिकाणी, कॉलेजात, भाड्याची खोली शोधताना तो रोज थोडा थोडा साठतो. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला तेव्हा वस्तीवस्तीतल्या आईबापांच्या काळजात धस्स झाले, कारण आपलेही पोर होस्टेलवर होते. दवाखान्यात झोप किती लागते, भूक लागते का, हे विचारतात. ‘तुझा कोणी अपमान केला का?’ हे फार कमी ठिकाणी विचारले जाते. त्यातून गेलेला सोबती ते न विचारताही ओळखतो.

पटाचारेची गोष्ट

बौद्ध परंपरेला हे काम नवे नाही. थेरी पटाचारेची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासात ऐकली असेल. श्रावस्तीच्या श्रीमंत घरातली मुलगी. घरातल्या नोकरावर तिचे मन बसले आणि ती त्याच्याबरोबर निघून गेली. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी निघाली असता वाटेत नवरा सर्पदंशाने गेला. नदी ओलांडताना तान्ह्या बाळाला ससाण्याने उचलले, थोरला पाण्यात वाहून गेला. माहेरी पोहोचते तो वादळात घर कोसळून आईवडील आणि भाऊही गेलेले. तिचे भान हरपले. अंगावर वस्त्र आहे की नाही याचीही तिला शुद्ध राहिली नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलू लागले, तिच्यावर माती आणि कचरा फेकू लागले.

जेतवनात आली तेव्हाही लोक तिला अडवत होते. तथागतांनी तिला अडवू दिले नाही. बहीण म्हणून हाक मारली, भानावर ये असे सांगितले. जमलेल्यांतल्या एकाने अंगावरचे वस्त्र तिला दिले. पुढे ती भिक्खुणी झाली, विनयाची मोठी जाणकार झाली. आणि मूल गमावलेल्या शेकडो बायका दुःखाने वेड्यापिशा होऊन जिच्याकडे आल्या, ती हीच पटाचारा. ती त्यांचे दुःख समजू शकली, कारण ती स्वतः त्या पुरातून आली होती.

या गोष्टीत तिला कोणी बांधले नाही, मारले नाही, धूर दिला नाही. आधी गर्दीला बाजूला केले, मग प्रेमाने हाक मारली, अंग झाकले, आणि नंतर उपदेश केला. मनाच्या संकटात काय करावे, याचा हा क्रम आजच्या कोणत्याही प्रशिक्षणात तसाच शिकवता येईल.

दुसऱ्या एका प्रसंगात, जुलाबाने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली आणि संघाला बजावले की तुम्हीच एकमेकांची सेवा करायची आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात तथागतांच्या करुणेचे प्रसंग सांगताना आजाऱ्यांविषयीच्या कळकळीला वेगळी जागा दिली आहे. आजाऱ्याजवळ बसणे हे धम्माचेच काम आहे.

सातारा, सांगली, पुणे: आपल्या मुलखातले काम

आधुनिक काळात सोबतीच्या कामाची सगळ्यांत जुनी आणि पसरलेली वाट दारूच्या व्यसनातून निघाली. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब नावाचा सर्जन भेटले. दोघेही दारूने बुडालेले. बिलने नुकतीच सोडली होती आणि परगावी एकटा असताना पुन्हा पिण्याची ओढ लागली, म्हणून तो बोलायला दुसरा दारुडा शोधत होता. या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजे ‘एए’चे गट उभे राहिले आणि पुढे ते आपल्या जिल्ह्यांतही पोहोचले. त्यांच्या पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो आणि आपल्या काही लोकांना तो खटकतो. आमचे म्हणणे असे की, गटाची खरी ताकद शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आणि ‘मीही असाच होतो’ म्हणणाऱ्या माणसात आहे. ती घ्यावी.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे बरे झालेले रुग्ण पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ गटही तिथे चालतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ‘परिवर्तन’ ही संस्था उभी केली. व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य ही तिची कामे. दाभोलकरांनी उभारलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘मानसमित्र’ ही कल्पना रुजवली. साध्या कार्यकर्त्याला मनाच्या आजारांची तोंडओळख करून द्यायची, ‘अंगात येते’, ‘भानामती झाली’ अशा घरी त्याने जायचे, शांतपणे ऐकायचे आणि गरज असेल तर डॉक्टरपर्यंत सोबत करायची. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे हा या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

सांगलीने सोबतीचे काम वेगळ्या आजारात करून दाखवले. १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने एचआयव्ही रोखण्याचे काम गोकुळनगरच्या वस्तीतल्या, देहविक्री करणाऱ्या बायकांनाच हाताशी धरून केले. ज्यांना सगळे ‘रोगाचे मूळ’ म्हणत होते, त्याच बायका आरोग्याच्या कार्यकर्त्या झाल्या. १९९६ मध्ये त्यांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभारली. ज्याला समाज नालायक ठरवतो, तोच आपल्या लोकांचा सगळ्यात चांगला कार्यकर्ता होऊ शकतो, हे सांगलीच्या बायकांनी दाखवून दिले. मनाच्या आजारालाही हेच लागू पडते.

मनाच्या आजाराबाबत वस्त्यांमध्ये जाऊन काम करणारी पुण्याची ‘बापू ट्रस्ट’ १९९९ मध्ये भार्गवी दावर यांनी सुरू केली. ‘बापू’ हे त्यांच्या आईचे नाव. आईच्या आजारपणामुळे मनोरुग्णालये त्यांनी लहानपणीच जवळून पाहिली होती. संस्थेच्या ‘सेहेर’ या उपक्रमात कार्यकर्ते पुण्याच्या वस्त्यांत घरोघरी जातात, माणसाला वस्तीतून उचलून नेण्याऐवजी वस्तीतच त्याला जागा मिळावी यासाठी घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी बोलतात, गट चालवतात. भार्गवीताई २०२४ मध्ये गेल्या. काम उभे आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांतून सुरू झालेला ‘आत्मीयता’ प्रकल्प पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात वाढला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चांगल्या कामांच्या यादीत त्याची नोंद घेतली. त्यात गावातलेच ‘मित्र’ दुःखी माणूस ओळखतात, आणि थोडे जास्त शिकलेले कार्यकर्ते त्याच्याशी काही भेटींत बोलतात. आफ्रिकेत झिम्बाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवले. ‘फार विचार येतात’ म्हणणाऱ्या माणसाशी आजी बोलते. २४ दवाखान्यांत ५७३ लोकांवर केलेल्या अभ्यासात या बाकाचा स्पष्ट फायदा दिसला. आपल्या वस्तीत पार आहे, कट्टा आहे, विहाराची पायरी आहे आणि आज्याही आहेत.

संकटाच्या वेळी सोबती काय करतो?

आधी गर्दी कमी करतो. टीव्ही बंद, मुले दुसऱ्या घरी, बोलणारा एकच. तो दाराच्या वाटेत उभा राहत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला कोंडल्यासारखे वाटले की तो अंगावर येतो. न विचारता हात लावत नाही. आवाज खाली ठेवून स्वतःचे नाव सांगतो आणि विचारतो, ‘दादा, मी इथे बसू का? पाणी हवे का?’

कानात आवाज येतात, कोणीतरी मारायला येतेय, असे तो माणूस म्हणाला, तर सोबती वाद घालत नाही आणि हो ला हो पण करत नाही. तो म्हणतो, ‘तुला ऐकू येतंय, मला येत नाही. पण तू घाबरला आहेस हे मला दिसतंय. मी आहे इथे.’ स्वतः त्यातून गेलेला असेल तर एवढे सांगतो, ‘मलाही एकदा असं झालं होतं. महिनाभर झोप नव्हती. आता मी कामावर जातो.’ इथे तो थांबतो. स्वतःची सगळी कहाणी सांगत बसण्याची ही वेळ नसते.

जीव देण्याचे विचार येतात का, हे तो सरळ विचारतो. ‘जगणं नको वाटतंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा गैरसमज आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडायचे नाही. घरातली कीटकनाशके, जास्तीच्या गोळ्या आणि धोक्याच्या वस्तू दुसऱ्या घरी हलवायच्या. शेतावर औषधे ठेवत असाल तर ती कायमच कुलपात ठेवायची. मग फोन करायचा आणि दवाखान्याची तयारी करायची.

‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन सोबती कधी देत नाही. तो म्हणतो, ‘तुझं बोलणं वस्तीत जाणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मदत बोलावेन, आणि तुला सांगूनच बोलावेन.’

संकट ओसरल्यावरच खरे काम सुरू होते. केसपेपर काढायला बरोबर जाणे, ओपीडीच्या रांगेत सोबत बसणे, डॉक्टरला काय सांगायचे ते आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवणे, गोळीने झोप फार येते म्हणून ती परस्पर बंद न करता डॉक्टरशी बोलायला लावणे, कामाच्या मुकादमाशी बोलणे. पंधरा दिवसांनी सगळे विसरतात, तेव्हा सोबती दारात येऊन चहा पितो.

इथे सोबतीने थांबायचे, दवाखाना गाठायचा

काही वेळा बोलत बसणे धोक्याचे असते. विष किंवा जास्त गोळ्या घेतल्याचा नुसता संशय असला तरी ताबडतोब दवाखाना. रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम फुटला, नसलेली माणसे किंवा किडे दिसू लागले, झटका आला, तर ते ‘लागीर’ नाही. त्यात जीव जाऊ शकतो. ताप येऊन माणूस बरळू लागला, म्हातारे माणूस एका रात्रीत भ्रमिष्टासारखे वागू लागले, डोक्याला मार लागल्यावर वागणे बदलले, तर दुखणे शरीराचे असू शकते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बाईची झोप उडाली, ती विचित्र बोलू लागली, बाळाविषयी भलतेच म्हणू लागली, तर ‘बाळंतवारा’ म्हणून वाट पाहू नका. आई आणि बाळ दोघांचा प्रश्न असतो. बाळाजवळ दुसरे कोणी ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

अशा वेळी १०८ ला फोन करा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही आपली मोठी सरकारी ठिकाणे. लांब असाल तर आधी जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. जीव वाचवण्यासाठीचा तातडीचा उपचार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत करू शकतो, अशी तरतूद कायद्यातच आहे. ‘आमच्याकडे मनाचा डॉक्टर नाही’ एवढ्यावर परत फिरू नका.

कायदा आपल्या बाजूला आहे

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली. साखळीने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने मेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. वस्तीने त्यातल्या काही गोष्टी पाठच करून ठेवाव्यात.

माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच धरले जाते. तिला शिक्षा करायची नाही, तिची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य आहे. पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्यात न नेणे, हे आपल्या वस्तीत मरणाचे एक मोठे कारण आहे. ती भीती सोडा. रस्त्यावर भरकटलेली आजारी व्यक्ती पोलिसांना सापडली, तर तिला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.

एखाद्याची जात, गरिबी, धर्म किंवा राजकीय मत पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हेही कायद्यात लिहिलेले आहे. हक्कासाठी भांडणाऱ्या बाईला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणणाऱ्या गावाला हे ऐकवायला हवे.

सोबतीच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी तरतूद वेगळीच आहे. बरे असताना कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा देऊन आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. विश्वासाची शेजारीणही चालते, फक्त तिची लेखी संमती हवी. नंतर नाव बदलताही येते. आजारी पडलो तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हेही आधी लिहून ठेवता येते, मात्र तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही. वकिलाची मदत लागली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून ती मोफत मिळण्याचा हक्क आहे.

सेवा आपल्याच बायकांनी, तीही फुकट?

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. या देशात दुसऱ्याची घाण काढण्याचे, आजारी माणसाचे उष्टे-खरकटे करण्याचे काम कोणावर लादले गेले, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आता ‘समाजाचा सहभाग’ असे गोड नाव देऊन मनाच्या आजाराचे ओझेही वस्तीतल्या गरीब बाईच्या डोक्यावर ठेवले जाण्याची भीती आहे. आशाताईंचे आपण पाहतोच. काम वाढते, मानधनासाठी मोर्चा काढावा लागतो.

सोबती म्हणजे स्वस्तातला डॉक्टर नव्हे. जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ हवाच, औषध सरकारी दवाखान्यात मिळालेच पाहिजे, आणि सोबतीला प्रशिक्षण, प्रवासखर्च व मानधन मिळाले पाहिजे. ही मागणी सोडून नुसती सेवा करत राहणे म्हणजे सरकारची जबाबदारी आपल्या खांद्यावर घेणे.

सोबतीलाही जपावे लागते. जो स्वतः त्यातून गेला आहे, त्याची जुनी जखम दुसऱ्याचे ऐकून उघडू शकते. म्हणून एकट्याने जायचे नाही, दोघांनी जायचे. बाईकडे बाईने जायचे. उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. आठवड्यातून एकदा सोबत्यांनी एकत्र बसून आपापले मन मोकळे करायचे, नावे न घेता. ज्याला स्वतःला झोप येईनाशी झाली, त्याने महिनाभर थांबायचे आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. एखाद्याचा जीव वाचवता आला नाही तर वस्तीने सोबत्याला दोष द्यायचा नाही.

विहारात सुरुवात कशी करावी?

आपल्याकडे इमारत आहे, सतरंजी आहे, लोक जमण्याची सवय आहे. बहुतेक वस्त्यांना एवढेही मिळत नाही. भारतीय बौद्ध महासभेची शाखा, महिला मंडळ, समता सैनिक दलाची पोरे, वस्तीची आशाताई यांनी एकदा बसून पुढचे ठरवावे.

वस्तीतल्या चार-पाच जणांची निवड करावी. दारू सोडून निदान वर्ष झालेला एखादा भाऊ, मूल गमावून सावरलेली एखादी ताई, उपचार घेऊन कामावर परतलेला एखादा तरुण. कोणावर जबरदस्ती नको, आणि कोणाच्या आजाराची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय माईकवर सांगायची नाही. त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी, परिवर्तनसारख्या संस्थेशी किंवा अंनिसच्या शाखेशी जोडून प्रशिक्षण मागावे. आठवड्यातला एक वार ठरवून बुद्धवंदनेनंतर तासभर गोल बसावे. पहिला नियम, इथले बोलणे इथेच. दुसरा नियम, सल्ला न मागता द्यायचा नाही. तिसरा नियम, कोणाच्या गोळ्या बंद करायला सांगायचे नाही, आणि ध्यानाने सगळे बरे होते असेही सांगायचे नाही. आनापान चांगले आहे, पण मन फार बिघडलेले असताना माणसाला एकटे डोळे मिटून बसवू नये.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही मध्यरात्री पोर बरळू लागले की आईचे पाय देवऋषाकडे वळतात. त्या आईला ‘तू प्रतिज्ञा मोडलीस’ म्हणून हिणवणे सोपे आहे. पण त्या रात्री तिच्या दारात दुसरे कोणी उभे होते का, हा प्रश्न आपण वस्ती म्हणून स्वतःला विचारायला हवा. देवऋषी दार उघडतो, बसवतो, ऐकून घेतो, म्हणून लोक जातात. विज्ञानाने आणि धम्माने चालणाऱ्यांनीही तेवढे दार उघडे ठेवले तर ती आई तिकडे का जाईल?

खालचे नंबर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मनाच्या त्रासासाठी सरकारची ‘टेलिमानस’ सेवा, १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. रुग्णवाहिका १०८. पोलीस ११२. मोफत कायदेशीर मदत १५१००. त्याखाली एक रिकामी ओळ सोडा, आणि तिच्यावर आपल्या वस्तीतल्या दोन सोबत्यांची नावे त्यांच्या परवानगीने लिहा. येत्या पौर्णिमेच्या कार्यक्रमात अर्धा तास या विषयाला द्या आणि ती दोन नावे त्याच दिवशी ठरवा.

जयभीम, नमो बुद्धाय.